‘एकटी कशी राहील?’ : परदेशातल्या उन्हाळी कोर्सआधीची तयारी

‘घरातून कधी एकटी बाहेर पडली नाही, दीड महिना परदेशात कशी राहील?’ उन्हाळी अभ्यासक्रमाला मुलांची निवड झाली, की पालक आम्हा समुपदेशकांकडे हमखास हा प्रश्न घेऊन येतात. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घराची हकिकत इथे देत आहोत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी 20 वर्षांची, अभ्यासात हुशार. जर्मनीतल्या एका विद्यापीठात जुलैपासून 6 आठवड्यांचा कोर्स होता. मार्चमध्ये निवडीचं पत्र आलं आणि तिची झोप उडाली. आईनं विचारलं, तर ‘काही नाही गं’ एवढंच उत्तर. आजोबा धीर द्यायला म्हणायचे, ‘बाबासाहेब 1913 साली आपल्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. महिना साडेअकरा पौंडांत राहून शिकले. आणि तू सहा आठवड्यांना घाबरतेस?’ हेतू चांगलाच होता. पण एवढ्या मोठ्या माणसाशी तुलना झाल्यावर भीतीच्या जोडीला लाज आली आणि मुलगी बोलेनाशीच झाली. घाबरलेल्या मुलाला आदर्श सांगू नयेत. आधी नेमकी कशाची भीती वाटते, ते विचारावं.

पहिल्या भेटीत तिला भीतीची यादी करायला सांगितली आणि प्रत्येक गोष्टीला 0 ते 10 गुण द्यायला लावले. दुकानात अनोळखी भाषेत बोलणं 3, स्वयंपाक 4, विमान बदलणं 6, रात्री एकटीनं आजारी पडणं 9. ‘परदेश’ नावाचा एकच डोंगर होता, त्याचे असे तुकडे पडले. यातले बरेचसे तुकडे वडोदऱ्यातच सराव करता येण्यासारखे होते. भीती समजावून जात नाही. ती गोष्ट एकट्यानं, थोड्या अस्वस्थतेतच पार पाडली, की ओसरू लागते. म्हणून सरावाची सुरुवात कमी गुणांपासून केली.

स्वयंपाकापासून आरंभ झाला. वसतिगृहात कुकर असेलच असं नाही, विजेची शेगडी आणि साधं पातेलं मिळतं. म्हणून कुकरशिवाय खिचडी: 1 वाटी तांदूळ, अर्धी वाटी अर्धा तास भिजवलेली मूगडाळ, 4 वाट्या पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं. फोडणी जपून. तिथल्या खोल्यांत धुराची सूचना देणारं यंत्र बसवलेलं असतं, कढलेल्या तेलात मिरची पडली की ते वाजू शकतं. तेल तापू द्यावं पण धूर येऊ देऊ नये, खिडकी उघडी ठेवावी. तिकडे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरायचं, ही सवयही घरीच लावली. आईनं साजूक तूप आणि पेढे बांधायची तयारी चालवली होती. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही, म्हणून तो बेत रद्द झाला. कोरडा चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी चालली.

कागदपत्रं हा स्वतंत्र सराव ठरला, कारण तोपर्यंत ती सगळी बाबाच बघत. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 पर्यंतही लांबू शकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात, म्हणून निवडपत्र हाती येताच वेळ घ्यावी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा हवा, दोन कोरी पानं हवीत आणि वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा हवा. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बरेचदा वडिलांचं नावही असतं. तिकीट आणि विमा काढताना ते गाळलं, की नावं जुळत नाहीत आणि ऐनवेळी धावपळ होते. खात्यात अर्जाआधी एकदम मोठी रक्कम भरली, तरी शंका येते.

बोटांचे ठसे द्यायला तिला अहमदाबादला जायचं होतं. ती एकटी जाईल असं ठरलं. केंद्रावर बँकेच्या उताऱ्यावर शिक्का नसल्याचं निघालं. तिनं घरी फोन केला आणि तासाभरात बाबा गाडी काढून निघाले. काम झालं, सराव मात्र हुकला. घरी पोचल्यावर तिनं अहमदाबादच्या प्रवासाला 6 वरून 8 गुण दिले. ‘मी अडकले, की कोणीतरी यावंच लागतं’ हीच समजूत आणखी घट्ट झाली होती.

म्हणून पुढची भेट आईबाबांसोबत घेतली. आईची काळजी खरी होती, तिला खोटं ठरवण्यात अर्थ नव्हता. फक्त प्रत्येक फोनला लगेच तोडगा दिला, तर लेकीला स्वतःचा तोडगा सापडायला वेळच उरत नाही, हे बोलून घेतलं. मग नियम ठरला: अडचण आली की 20 मिनिटं थांबायचं, दोन उपाय कागदावर लिहायचे, एक करून बघायचा, मग फोन. आईनंही फोनवर पहिलं वाक्य बदललं: ‘तुला काय करावंसं वाटतं, बाळा?’ जीवाला धोका असेल, तर अर्थातच हे लागू नाही. तेव्हा तिकडे थेट 112.

परदेशातून रोजचा एकच फोन, भारतात रात्री साडेआठ. उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडे संध्याकाळचे 5, वर्ग सुटलेले. अंथरुणात पडून केलेले फोन घरची आठवण वाढवतात, झोपही मोडतात.

9 गुणांच्या आजारपणाच्या भीतीसाठीही सराव केला: थर्मामीटर, नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, औषधांची शास्त्रीय नावं लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी, हे सगळं हातातल्या बॅगेत. विमा कंपनीला एकदा स्वतः फोन करून ‘दवाखान्यात गेले, तर आधी कोणाला कळवायचं?’ हे तिनं विचारून घेतलं. त्या एका फोननंतर 9 चे 5 झाले.

तिथे पहिले चार दिवस ती रडली. छोट्या कोर्समध्ये रुळायला वेळ कमी मिळतो, म्हणून सुरुवातीचा आठवडा जड जाणं अपेक्षितच असतं. आईनं ‘परत ये’ म्हटलं नाही आणि जास्तीचे फोनही केले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ती सोबतच्या मुलींबरोबर खिचडी करू लागली.

प्रत्येक मुलाला एवढी तयारी पुरेशी होईलच असं नाही. जाण्याआधी दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, छातीत धडधड आणि श्वास कोंडण्याचे झटके येत असतील, किंवा आधी नैराश्यावर उपचार झाले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना आधीच भेटावं आणि चालू औषध परस्पर बंद करू नये. आधीपासूनचा मानसिक आजार प्रवासविम्यात बरेचदा धरत नाहीत, ते कलम वाचून घ्यावं. यजमान विद्यापीठात समुपदेशक कधी आणि कोणत्या भाषेत भेटतात, हे निघण्यापूर्वी ईमेलनं विचारून ठेवावं.