टेलर यार्डाच्या आराखड्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा पाहिला. लॉस एंजेलिस नदीकाठच्या टेलर यार्ड या जुन्या रेल्वे यार्डातला ‘जी-2’ हा 42 एकरांचा तुकडा तू प्रबंधाला घेतलास, हे उत्तम केलंस. रेखाटनंही देखणी आहेत. काठ खाली उतरवलाय, नदी आत घेतलीय, पाणथळ, बगळे, लाकडी पूल, सगळं आहे. फक्त माती कुठेच नाही. प्रदूषणाचा विषय शेवटच्या पानावर ‘निर्मूलन अपेक्षित’ म्हणून उरकलास. तो पहिल्या पानावर हवा.

सदर्न पॅसिफिक रेल्वेची डिझेल इंजिनं इथे दुरुस्त व्हायची, त्यांत तेल भरलं जायचं. 2017 मध्ये शहराने ही जागा युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीकडून सुमारे 6 कोटी डॉलरना घेतली, ती नदीसाठीच. आता बघ. शिसं आणि आर्सेनिक असलेल्या जमिनीवर नुसतं मैदान करायचं असेल, तर वरचा थर काढायचा, खाली दूषित माती आहे हे दाखवणारं खुणेचं कापड अंथरायचं आणि वर स्वच्छ माती टाकायची. खालच्या मातीला कुणाचा हात लागत नाही, बरंचसं काम भागतं. पाणथळ म्हटली की हा उपाय बाद. काठ कापताना तू नेमकी तीच माती उकरणार, आणि वर पाणी साठवून ते खाली मुरवणार. झाकलेलं विष पाण्याबरोबर चालू लागेल. त्यामुळे ‘आधी वापर ठरवू, सफाईचं मग बघू’ हे इथे चालत नाही. दोन्ही जमिनीच्या एकाच उभ्या छेदावर काढ.

त्यात ही जागा मुलखावेगळी. 1938 च्या पुरानंतर नदीला काँक्रीटने बांधून काढलं, पण या पट्ट्यात तळ मातीचाच ठेवावा लागला, कारण भूजल इतकं वर आहे. म्हणजे तुझी माती वरून आणि खालून, दोन्हीकडून भिजणार.

मातीचे नमुने काढायला बोअर कुठे घ्यायचे हे ठरवण्याआधी यार्ड वाचायला शीक. ग्रंथालयात सॅनबॉर्न नकाशे मिळतील. आगीच्या विम्यासाठी काढलेले असल्याने तेलाची टाकी, रंगाची शेड, बॅटऱ्यांची खोली असं सगळं त्यांत दाखवलेलं असतं. बॅटऱ्या होत्या तिथे शिसं शोध. सुट्या भागांचं ग्रीस धुतलं जायचं तिथे ट्रायक्लोरोएथिलीन हे ग्रीस विरघळवणारं द्रावक, लाकडी स्लीपर रचून ठेवत तिथे क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं डांबरी तेल. रुळांच्या कडेचं गवत मारायला पूर्वी आर्सेनिकची औषधं फवारत. बोअरसाठी समान अंतराची चौकोनी जाळी आखलीस तर रुळालगतची ती अरुंद पट्टी हमखास निसटेल. सल्लागार मंडळींना जाळी फार आवडते, अहवालात छान दिसते.

मातीच्या नमुन्याची प्लास्टिकची नळी उभी चिरतात तेव्हा जवळ उभा राहा. जुन्या यार्डात बहुधा वर खडी, मग राखेचा काळा भराव, मग मूळची माती किंवा वाळू. पाण्याच्या पातळीजवळ वाळू करडी-हिरवट झाली असेल आणि रॉकेलसारखा वास सुटला, तर डिझेल आहे. (नळीला नाक लावू नकोस. वाफा मोजायला यंत्र असतं.) डिझेल पाण्यावर तरंगतं, ट्रायक्लोरोएथिलीन मात्र पाण्यापेक्षा जड, खाली बुडतं आणि डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ते सापडलं म्हणजे यार्डाचंच, असंही नाही. सॅन फर्नांडो खोऱ्यातलं भूजल अशाच द्रावकांमुळे 1986 पासून सुपरफंडच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अतिप्रदूषित जागांच्या, यादीत आहे. भूजल जिकडून वाहत येतं त्या वरच्या अंगाच्या विहिरींचे आकडे हाताशी नसतील तर शेजाऱ्याचं पाप तुझ्या प्रकल्पाच्या माथी बसेल, आणि उलट झालं तर मूळ मालक हात झटकून मोकळा होईल.

ट्रकांच्या रस्त्यावर एक पान खर्च कर. याच जुन्या यार्डाच्या जमिनीवर 2007 पासून रिओ दे लॉस एंजेलिस उद्यान आहे, आणि एक शाळाही आहे. उकरलेल्या मातीची धूळ मुलांच्या मैदानावर जाणार असेल तर लोक तुझे बगळे बघणारही नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

शेवटचं भूजलाच्या पातळीचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात. पातळी वर-खाली होते तसं तरंगतं डिझेलही वर-खाली होत मधल्या सगळ्या मातीला माखतं. तू काठाची खोली एकाच दिवसाच्या मोजणीवर ठरवलीयस. पुढच्या मसुद्यात मार्च आणि ऑक्टोबर, दोन्हींच्या पातळ्या त्याच छेदावर काढून पाठव.

आशीर्वादांसह,
सर