जुनं पिस्तूल: रंग मूळचा की नव्याने चढवलेला?

प्रश्न : आमच्या वाड्यात कंपनी सरकारच्या काळातलं ठासणीचं पिस्तूल आहे. लॉकप्लेटवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या (लॉकच्या) बाहेरच्या लोखंडी पट्टीवर, सिंहाचा ठसा, नळी काळीभोर, चकचकीत. एक जाणकार म्हणतात रंग मूळचा, दुसरे म्हणतात नवा. कसं ओळखावं?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी पिस्तूल भरलेलं नाही ना, ते पाहा. ठासणीच्या हत्यारात जुना बार तसाच राहून गेलेला असतो. नळीच्या तोंडासमोर न येता लाकडी काडी हलक्या हाताने तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून नळीला लावा. टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत, म्हणजे जिथून आग आतल्या दारूला लागते तिथपर्यंत, पोचायला हवं. इंचभर अलीकडेच थांबलं तर आत बार आहे असं धरा आणि परवानाधारक कारागिराला घरी बोलवा.

आता रंग. त्या काळी फौजी पिस्तुलाची नळी एकतर उजळ ठेवत, नाहीतर मुद्दाम गंज आणून, घासून, पुन्हा गंज आणून तपकिरी करत. गरम क्षारांच्या द्रावणातून निघणारा चकचकीत काळा रंग विसाव्या शतकातला. तुमच्या वर्णनावरून तरी दुसऱ्या जाणकारांचं म्हणणं बरोबर वाटतं.

तरी निकाल रंगावर देऊ नका, लोखंड पाहा. नवा रंग देण्याआधी पृष्ठभाग बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) घासतात आणि त्याच्या खुणा लपत नाहीत. लॉकप्लेटच्या कडा गोलावतात. स्क्रूच्या छिद्रांचे काठ बशीसारखे खोलगट होतात. मुकुट धरून उभा असलेला सिंह कंपनीने 1808 पासून वापरला, त्याआधी बदामाच्या आकाराची खूण असे. बफ फिरला की सिंहाचे पाय आणि मुकुट आधी पुसट होतात. हाताळून झालेली झीज अशी सरसकट नसते. ती नळीच्या तोंडाशी आणि पकडीच्या जागी जास्त, कोपऱ्यांत कमी. गंजाच्या खड्ड्यांच्या तळातही काळा रंग बसलेला दिसला तर तो गंजानंतरचा, यात शंका नको. लाकूड लोखंडापेक्षा खाली बसलं असेल तर तेही पॉलिश पेपरने घासलेलं आहे.

सगळ्यात खात्रीची जागा लॉकच्या आत. घोडा अर्ध्यावर ओढून ठेवा, बाजूचे स्क्रू चार-पाच आटे सैल करा आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी दांड्याने हलकेच ठोका, लॉक सुटतं. पेचकस खाचेत घट्ट बसणाराच हवा. पात्याने उचकटलंत तर लाकडाची कड तुटेल. प्लेटची आतली बाजू सहसा बफखाली जात नाही, तिच्या कडा बाहेरच्या कडांशी ताडून पाहा.

प्रश्न : खंडेनवमीला असं पिस्तूल चिंचेने घासावं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नको. तपकिरी रंग म्हणजे लोखंडाचा गंजच, आणि चिंचेतलं आम्ल नेमका तोच खातं. रांगोळी, राख, पॉलिश पेपरही नको. पूजेनंतर हळद-कुंकू कोरड्या फडक्याने पुसा, खाचेतलं मऊ ब्रशने काढा, मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. लाकडाला तेल लागू देऊ नका.