गावात डेंग्यू वाढलाय, धुरळणीचं मशीन मागवायचं कसं?

मशीनसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज द्या आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही सांगून ठेवा, पण खरं सांगू का, गावात पाच-सहा घरी डेंग्यू निघाला असेल तर नुसत्या धुराने तो थांबणार नाही. मी जळगाव जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्य सेवक आहे, पावसाळाभर लोकांच्या टाक्यांत डोकावणं हेच माझं काम. धुराने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आज अख्खं गाव धुराने भरलं तरी पुढच्या आठवड्यात नवीन डास हजर.

आणि गटारी साफ करून डेंग्यू जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं, गटारी साफ हव्याच, पण हा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो.

आपल्या खान्देशात कित्येक गावांत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्यामुळे घरोघरी सिमेंटची टाकी, निळे ड्रम, रांजण भरलेले असतात. रांजणात टॉर्च मारला की अळ्या वळवळत तळाला जातात, लोक म्हणतात पाण्यातले किडे आहेत, गाळून घेऊ. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडा पाळा असं आम्ही सांगतो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "भाऊ, आठ दिनमा एकदाव पानी येस, फेकी दिधं तं पिसूत काय?" त्यांचं बरोबरच आहे! म्हणून मी आता नळाच्या पाळीचा दिवस धरूनच सांगतो. पाळीच्या आदल्या दिवशी उरलेलं पाणी भांडी-धुण्याला, झाडांना वापरून टाका आणि भांडं आतून काथ्याने खसखसून घासा. नुसतं रिकामं करून भागत नाही कारण अंडी पाण्याच्या वर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की पुन्हा अळ्या. ज्या टाक्या रिकाम्या होतच नाहीत त्यांवर घट्ट कापड बांधा, वापरायच्या पाण्याच्या टाकीत आरोग्य सेवकाकडून अ‍ॅबेट (अळ्या मारायचं औषध) टाकून घ्या, डोस तोच ठरवेल. गुरांच्या हाळात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, ते केंद्रात मागितले तर मिळतात. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, छतावरचे टायर पण बघा.

ताप आला तर गावातल्या डॉक्टरकडून दुखण्याची सुई घेऊ नका, प्लीज. डायक्लोफिनॅक, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ओआरएस एवढंच. आशाताईंना कळवा, रक्ताचा नमुना सरकारी लॅबला फुकट जातो. प्लेटलेटच्या आकड्यावरून घर घाबरून जातं आणि ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात, पण जपायचं असतं ते ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणं, यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ बोलवा, सकाळची वाट बघू नका.

ग्रामपंचायतीत गेलात की ग्राम आरोग्य समितीची बैठक लावायला सांगा, तिच्याकडे अशा कामासाठी थोडा निधी असतो, आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला त्या बैठकीत बसवा, कुठल्या गल्लीला कधी पाणी येतं हे त्यालाच माहीत असतं.