जर्मनीत मास्टर्सला गेल्यावर पहिलं वर्ष खरंच कसं जातं?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरात जर्मनीला मास्टर्ससाठी निघायचंय, व्हिडिओंमध्ये सगळं छानच दिसतं, तर शिकून आलेल्यांचे खरे अनुभव काय? आणि घरची परिस्थिती बेताची असताना कर्ज काढून जावं का? मी २०२२ मध्ये कराडहून केम्निट्झला गेले, एम्बेडेड सिस्टिम्स, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक, शिकायला. केम्निट्झ पूर्व जर्मनीत, सॅक्सनी राज्यात आहे. १९५३ ते १९९० या काळात गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि मार्क्सचं ते सात मीटर उंच डोकं अजूनही गावाच्या मध्यभागी आहे. मोठ्या शहरातला अनुभव वेगळा असेल, मी माझा सांगते.

पैशाचं आधी उरकते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, दर सेमिस्टरला काहीशे युरो वर्गणी भरायची. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, तेव्हा तुमचं विद्यापीठ कुठल्या राज्यात आहे ते बघा. खरं ओझं ब्लॉक्ड अकाउंटचं. वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरायचे, मग ते दरमहा थोडे थोडे आपल्याला मिळतात. माझ्या वेळी ही रक्कम १०,३३२ युरो होती, म्हणजे तेव्हाच्या भावानं सव्वाआठ लाखांच्या वर. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली. माझे वडील एसटीत कंडक्टर. तो लांबलेला संप नुकताच मिटला होता आणि घरात कित्येक महिने पगार आलेला नव्हता. घर तारण ठेवून कर्ज काढलं, वर मामांनी दोन लाख दिले. हे सांगते एवढ्यासाठी, की तुमचा प्रश्न मला आतून कळतो.

मी पोचले १ ऑक्टोबर २०२२ ला, शनिवारी रात्री साडेनऊला. एका सिनियरनं होस्टेलच्या खोलीची किल्ली आणून ठेवली होती, ती हातात देऊन तो त्याच्या शिफ्टला गेला. खोलीत पलंग होता, गादी होती, पण चादर नाही, उशी नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, जर्मनीत रविवारी दुकानं बंद. सोमवारी ३ ऑक्टोबर, त्यांचा राष्ट्रीय सण, परत बंद. बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आईनं दिलेले लाडू होते, पण पातेलं नव्हतं. सामायिक स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर कुणाचं ना कुणाचं नाव. अख्खा रविवार मी लाडू आणि नळाचं पाणी यांवर काढला. पलीकडच्या खोलीत कुणीतरी आहे हे ऐकू येत होतं, पण दार वाजवायला जीव धजत नव्हता. अनोळखी माणसाला कसं मागायचं?

सोमवारी दुपारी वाजवलं. कॅमेरूनची मुलगी होती. तिनं पातेलं, तेल, कांदे दिले, आणि आधी तिच्या टोपातला भात खायला बसवलं. मग म्हणाली, "काल का नाही आलीस? मी दिवसभर घरातच होते."

हे वाक्य मला त्या दिवशी पुरतं कळलं नाही. ते कळायला फेब्रुवारी उजाडला.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला सबमिशन असतात, टर्म वर्क असतं, इंटर्नल असते, सर मागे लागतात. तिथं माझ्या बहुतेक विषयांना सेमिस्टरच्या शेवटी एकच पेपर होता, नव्वद मिनिटांचा किंवा दोन तासांचा, आणि सगळं त्यावरच. पेपरसाठी आपलं नाव आपणच ठरलेल्या मुदतीत नोंदवायचं. राहून गेलं तर कुणी आठवण करत नाही, पेपर हुकला तो हुकला. लेक्चर संपलं की पोरं बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, ती त्यांची टाळी. ती करून मीही निघून जायचे, पुढे जाऊन काही विचारायचं डोक्यातच यायचं नाही. गुण १.० ते ५.०. एक म्हणजे उत्तम, चारपर्यंत पास, पाच म्हणजे नापास. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्समधून नाव निघतं आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. हे मला माझा पहिला निकाल लागल्यावर कळलं. रिअल-टाइम सिस्टिम्समध्ये ५.० होता.

घरी सांगितलं नाही. हिवाळ्यात आपली घड्याळं साडेचार तास पुढे असतात, त्यामुळे माझी दुपार म्हणजे बाबांची ड्युटीवरून येण्याची वेळ. रोज विचारायचे, "निकाल लागला का?" मी म्हणायचे, "अजून नाही." तीन आठवडे.

तेवढ्यात विभागाचा मेल आला, तपासलेला पेपर बघायला या. याला तिथं आइनजिश्ट म्हणतात. मी जाणारच नव्हते, आपल्याच चुका परक्या माणसासमोर कशाला बघायच्या! कॅमेरूनच्या मैत्रिणीनं मला अक्षरशः दारापर्यंत सोडलं. एका वर्गात लांब लांब बसवलं, फोन बॅगेत, वीस मिनिटं. तिसऱ्या प्रश्नाला मी दीड पान भरलं होतं. शेड्युलिंगच्या, म्हणजे संगणकानं कुठलं काम (टास्क) कधी करायचं ते ठरवण्याच्या, व्याख्या, फायदे, तोटे, सुबक आकृती. मार्क शून्य. चुकलं असं काहीच नव्हतं, म्हणून तर मला कळेना. हात वर केला तसा असिस्टंट येऊन शेजारी बसला. म्हणाला, "हे बरोबर आहे, पण हे पुस्तकात आहे. आम्ही चार टास्क दिले होते. त्यातला कुठला डेडलाइन चुकवतो आणि का, एवढंच विचारलं होतं." त्यानं पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर टास्कचे चौकोन मांडले. तिसरा टास्क रेघेबाहेर गेला. सहा ओळींचं उत्तर. मग त्यानं सांगितलं की दर बुधवारी दोन ते तीन तो शंकांसाठी बसतो, आणि गेल्या सेमिस्टरला एकदाही कुणी आलं नव्हतं.

पंधरा बुधवार तो माणूस तिथं बसून होता आणि मी खोलीत रात्र रात्र जागून व्याख्या पाठ करत होते. आजही हे आठवलं की पोटात कालवतं. तिथं कुणी तुमच्याकडे येऊन विचारत नाही, पण तुम्ही गेलात तर कुणी हाकलतही नाही. मदत मागणं हा अभ्यासाचाच भाग आहे, हे कुणीतरी मला निघायच्या आधी सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळी बाबांना फोन करून खरं सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग परत कधी आहे पेपर?" पुढच्या सेमिस्टरला एकही बुधवार चुकवला नाही. २.३ मिळाले.

कामाचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. गोदामात रात्रपाळी पटकन मिळते, मीही केली. पण परीक्षेच्या महिन्यात करू नका, हे कळकळीनं सांगते. विद्यापीठातच हिवी, म्हणजे विद्यार्थी सहायक, म्हणून काम मिळालं तर उत्तम. बुधवारच्या त्या बैठकांमुळेच मला पुढे ते मिळालं.

डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो आणि मन खचतं, ते तुमचंही खचेल. नाताळच्या आधी त्या भागात खिडकीखिडकीत लाकडी कमानींवर दिवे लावतात, खाणकामगारांची जुनी प्रथा आहे. काही घरांत कागदी चांदण्या टांगतात, आतून दिवा, थेट आपला आकाशकंदील. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले. तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या, फक्त त्या दिवशी खोलीत एकट्या बसू नका.

आता कर्जाचं. माझं मत, जा, पण निदान बी-वन जर्मन, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील अशी तिसरी पातळी, करून जा. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी इंग्रजीत असेलच असं नाही. मी पुण्यात जेमतेम ए-वन, म्हणजे अगदी पहिली पातळी, केलं होतं. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, त्यातले माझे आठ जर्मन शिकण्यातच गेले, आणि तेवढे महिने हप्ते बाबांनी भरले. सहा महिने उशिरा निघालात तरी चालेल, भाषा शिकून निघा.

चादर, एक लहान पातेलं आणि दोन दिवसांचं खाणं वरच्या बॅगेत ठेवा. तूप, पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. भाजणी चालते. शनिवारी पोचेल असं तिकीट काढू नका. आणि कुठल्या शहरात प्रवेश मिळालाय ते खाली लिहा, ओळखीचं कुणी असलं तर किल्ली घेऊन ठेवायला सांगते.