महापालिकेचं बजेट एवढं मोठं, मग कोल्हापूर वाढत का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दरवर्षी शेकडो कोटींचं अंदाजपत्रक जाहीर होऊनही शहर आहे तिथंच का, आणि ते अंदाजपत्रक साध्या माणसानं वाचायचं कसं. दुसरं आधी सांगतो, ते लवकर संपतं.

पेपरात मथळ्याला येणारा एकूण आकडा सोडून द्या. त्यात महसुली (रोजच्या जमाखर्चाचा), भांडवली (मोठ्या बांधकामांचा) आणि शासनाच्या योजनांचा पैसा सगळा एकत्र केलेला असतो. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन घ्या. साधारण ४८८ कोटींची योजना, काम सुरू झालं २०१४ ला आणि पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं २०२३ च्या दिवाळीत. अशी योजना रखडली की तिची उरलेली रक्कम दरवर्षी पुढं ओढली जाते आणि बेरीज फुगते, पण त्यातला रुपया तुमच्या गल्लीतल्या गटारीला लावता येत नाही. म्हणून गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा बघायची. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, किती आली, पाणीपट्टी किती, बांधकाम परवानगीतून किती, गाळ्यांचं भाडं किती. अंदाज शंभराचा आणि वसुली साठाची असेल, तर चाळीस रुपयांची कामं कागदावरच राहणार. पगार, पेन्शन आणि पाणी उपशाचं वीजबिल कुणाला चुकत नाही, कात्री लागते ती रस्त्याला आणि गटारीला.

मी आयुष्यभर एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. आपल्याकडं दूध संस्थेच्या सभेत माणूस दूध दरातल्या फरकाच्या पैशापैशाचा जाब विचारतो, कारखान्याच्या सभेत अहवाल हातात घेऊन माइकसाठी भांडतो. त्याच माणसाला शहराची घरफाळ्याची वसुली विचारा, तोंडाकडं बघत राहील. याचा मला मनापासून राग येतो.

आता वाढीचं. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि त्यानंतरची पन्नास वर्षं हद्द तसूभरही हलली नाही. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६. घरं मात्र वाढतच गेली, ती हद्दीच्या पलीकडं. जकात गेली, २०११ ला एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, २०१७ ला जीएसटी आला. म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर शहरानं स्वतः घ्यायचा कर संपला आणि त्याच्या बदल्यात शासनाकडून येणाऱ्या अनुदानाकडं डोळे लावून बसायची वेळ आली. स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न राहिलं घरफाळ्याचं, आणि नवी घरं तर हद्दीबाहेर. सगळं दुखणं इथं आहे.

माझी थोरली बहीण अशाच एका लगतच्या गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही. शेताचे गुंठे पाडून झालेली कॉलनी, रस्ता दहा फुटांचा, त्यातही दोन्हीकडची कंपाउंडं हात-हात पुढं आलेली. एका उन्हाळ्यात तिच्या शेजारच्या गोठ्याला आग लागली. वर कडब्याची गंजी, वारं सुटलेलं. फोन केल्यावर बंब आला शहरातून. जवानांनी वेळ अजिबात घालवला नाही, पण गाडी कोपऱ्यावरच अडली, वळायला जागाच नव्हती. मग कॉलनीतल्या पोरांनी होज खांद्यावर घेऊन आतपर्यंत ओढत नेली. दोन म्हशी कशाबशा सोडवल्या, गंजी गेली. अक्काच्या स्वयंपाकघराची खिडकी तडकली आणि भिंत दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम लागत होती. मी हात लावून बघितलंय.

त्यानंतर महिन्याभरात हद्दवाढीच्या विरोधात गाव बंद. आमचे दाजी पुढं होते, बॅनर धरून. मी संध्याकाळी गेलो आणि सरळ विचारलं, "दाजी, बंब कुणाचा आला होता?"

"पाव्हणं, बंबाचं सोडा. घरफाळा दहापट हुईल, आन जमिनीवर आरक्षणं पडतील, त्याचं बोला."

दहापटीचं मी तिथंच खोडून काढलं. नव्यानं हद्दीत आलेल्या भागाला पहिल्याच वर्षी पूर्ण कर लावता येत नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर आणि पुढं टप्प्याटप्प्यानं वाढ, हे कायद्यातच आहे. दाजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर बॅनरला माणसं कमी आली असती. पण ते आरक्षणावर, म्हणजे मैदानासारख्या कामांसाठी जमीन राखून ठेवण्यावर, अडून बसले, आणि आजही आमचं बोलणं तिथवर आलं की अक्का चहा ठेवायला आत जाते.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. लगतच्या गावांतून लोक रोज केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं, शहरात येतात आणि तिचा तोटा महापालिका भरून काढते. वरच्या अंगाचं सांडपाणी शहरातल्या जयंती नाल्यात येतं. ते उपसून कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या (रोज ७६ दशलक्ष लिटर) केंद्रात साफ करायचं बिल शहराच्या अंदाजपत्रकात. पोरांची शाळा, बाजार, दवाखाना, सगळं शहरात. सोयी घ्यायच्या आणि पावती फाडायची नाही, याला मी हक्क म्हणणार नाही. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल आपण लढून घालवला, मीही मोर्चात होतो आणि त्याचा अभिमान आहे. पण त्या रस्त्यांचे पैसे शेवटी शासनाच्या तिजोरीतून द्यावे लागले, रस्ते फुकट झाले नाहीत.

आणि वाढ म्हणजे नुसती घरं नव्हेत. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली ती पेठ आखून. राजारामपुरीत फिरा, गल्ल्यांना नंबर, रस्ते सरळ, पत्ता सांगायला खूण लागत नाही. राजांच्या काळात आधी आखणी व्हायची, मग माणसं यायची. आता आधी गुंठा विकला जातो, मग घर होतं, मग गटारीसाठी मोर्चा निघतो. २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं प्राधिकरण, म्हणजे नियोजनासाठी वेगळी संस्था, दिलं. माझ्या मते ती पळवाट होती. नियोजन एकाकडं, पाणी दुसऱ्याकडं, कचरा ग्रामपंचायतीकडं आणि पैसा कुणाकडंच नाही.

दाजींच्या बाजूचंही लिहायला हवं. आरक्षणाची त्यांची भीती खरी आहे. विकास आराखड्यात मैदान म्हणून जमीन राखून ठेवायची, पण ती घ्यायला अंदाजपत्रकात पैसेच ठेवायचे नाहीत, हे महाराष्ट्रात सगळीकडं चालतं. दहा वर्षं मालक अडकून पडतो, मग नोटीस देतो, आणि मुदतीत संपादन झालं नाही की आरक्षण उठतं. शेतकऱ्याची दहा वर्षं गेली आणि गावाचं मैदानही गेलं. दुसरं म्हणजे हद्दीतल्याच काही उपनगरांत आजही ड्रेनेज पूर्ण नाही. ते बघून बाहेरचा माणूस म्हणणारच, आम्हाला घेऊन काय देणार? आणि नोव्हेंबर २०२० ला नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं शासनानं नेमलेल्या प्रशासकानंच अंदाजपत्रक मांडलं आणि त्यानंच मंजूर केलं. स्थायी समितीत आकड्यांवर भांडायला कुणी नव्हतं. माझं घर शहरात आहे, शेत नाही, हेही लक्षात घेऊनच माझं मत वाचा.

तरी मत बदलत नाही. गावं हद्दीत घ्या, पण घेतलेल्या पहिल्याच अंदाजपत्रकात त्या गावांसाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबाचं वेगळं खातं, हवं. तिथून जमा होणारा घरफाळा निदान पाच वर्षं तिथल्याच गटारी, रस्ते आणि भूसंपादनावर खर्च व्हायला हवा, आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्चाचा रकाना गावच्या चावडीवर लागायला हवा. एवढं लिहून दिलं तर सही करतो, असं दाजी एकदा बोलून गेलेत. अक्का साक्षीला आहे.