चित्र पळतंय आणि बटण संपलं

मागच्या अंकात शटरवाल्या जुन्या टीव्हीबद्दल लिहिलं होतं, त्यावर नाशिकमधनंच बरीच पत्रं आली, म्हणजे अर्ध्या वाड्यांच्या माळ्यावर अजून एकेक सेट बसलेला आहे म्हणायचा. त्यातली चार घेतोय.

प्रश्न : आमच्या आजोबांचा १९७९ चा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे, बिलसुद्धा सापडलं. माळ्यावरनं काढून प्लग लावला तर चक्क चालू झाला! मुलाने सेटटॉप बॉक्सही जोडून दिला. पण चित्र सारखं वर पळतं. मागचं व्ही-होल्ड शेवटपर्यंत पिळलं की जरा हळू पळतं, पण थांबत काही नाही. बटण बदलून घेऊ का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : काका, आधी रागावतो. माळ्यावरनं काढला आणि डायरेक्ट प्लग लावला, तुमचं नशीब जोरात म्हणून वाचलं. इतकी वर्षं पडून असलेल्या सेटमधले मोठे फिल्टर कंडेन्सर आतून सुकलेले असतात, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की कधीकधी फटाक्यासारखे फुटतात. पुढच्या वेळी सिरीज बोर्डावर, म्हणजे टीव्हीची वीज आधी बल्बातून जाईल अशा जोडणीत, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून चालू करा, एलईडी नाही चालणार. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, फुल पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा.

आता पळणाऱ्या चित्राचं. बटण बदलू नका, बटणाचा बहुतेक काही दोष नाही. टीव्हीत एक सर्किट असतं, ते आपल्या मनाने सेकंदाला साधारण ५० वेळा वरून खाली चित्र रंगवत असतं, बरोबर ५० नाही, मुद्दाम किंचित हळू ठेवलेलं असतं. सिग्नलबरोबर प्रत्येक फेरीला एक सिंक पल्स येतो, तो म्हणजे पाठीत बुक्की, चल आता नवी फेरी सुरू कर. सर्किट थोडंसंच मागे असेल तर बुक्की बसली की ताळ्यावर येतं, फारच मागे-पुढे असेल तर बुक्की चुकीच्या वेळेला बसते आणि चित्र पळत सुटतं. व्ही-होल्ड फिरवून तुम्ही फक्त त्या सर्किटचा स्वतःचा वेग बदलता. नावात होल्ड आहे, पण चित्र धरून ठेवायचं काम ते बटण करतच नाही.

म्हणून एक परीक्षा सांगतो, भद्रकालीतल्या दुकानात मी कामाला लागलो तेव्हा उस्तादांनी हीच पहिली शिकवली. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि फक्त चित्र बघा. चित्र एका बाजूला वर पळतं, मधे क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि पुढे फिरवलं की खाली पळायला लागतं, पण अडकत नाही, असं असेल तर वेग बरोबर आहे, बुक्कीच पोचत नाहीये. म्हणजे सिंकचा भाग बघायचा, नाहीतर सिग्नलच कमजोर असेल. पण तुमच्यासारखं एकाच दिशेने पळत राहिलं आणि बटणाच्या टोकाला नुसतं मंदावलं, तर सर्किटचा वेगच सरकलाय. वर्षानुवर्षं गरम होऊन रेझिस्टरची किंमत वाढते, कंडेन्सर लीक होतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या पेटतात तसला सेट असेल तर पीसीएल ८०५ नावाचा व्हॉल्व्ह बघायला सांगा, उभ्या स्कॅनिंगचं काम बऱ्याच सेटमध्ये तोच करतो. चित्र खालून दुमडल्यासारखं दिसत असेल तर संशय आणखी पक्का. मेकॅनिक हे न बघता फक्त बटण बदलतो म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

आणि सगळं चित्र जाऊन आडवी एकच पांढरी रेघ राहिली तर ताबडतोब ब्राइटनेस कमी करा, नाहीतर ती रेघ पिक्चर ट्यूबवर कायमची भाजली जाते.

प्रश्न : टीव्हीच्या मागे हाइट, लिनिॲरिटी, एच-होल्ड अशी भोकं आहेत. मी स्वतः फिरवून बघू का? पुढची दोन बटणं तुटलीत, आम्ही पकडीनेच फिरवतो.
— एक वाचक, सिडको

उत्तर : पकड आधी बंद करा! या जुन्या सेटमध्ये चासिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, पुष्कळदा थेट मेन्सला जोडलेलं असतं, दोन पिनचा प्लग उलटा बसला की सगळ्या पत्र्यात फेज. बटणाच्या आतला उघडा लोखंडी दांडा म्हणजे तोच पत्रा समजा. म्हणूनच तर कंपन्या बटणाच्या स्क्रूवर मेण भरायच्या, आमच्यातली पोरं ते मेण खरवडून काढायची आणि शिव्या खायची. आधी प्लास्टिकची बटणं बसवून घ्या.

मागची भोकं फिरवायला हरकत नाही, पण पाठ उघडायची नाही, भोकातूनच. आधी प्रत्येकाची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा, एका वेळी एकच फिरवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको, विणायची प्लास्टिकची सुई घ्या आणि टोक दगडावर घासून चपटं करा, मी अजून तीच वापरतो. समोर खुर्चीवर आरसा ठेवा म्हणजे मागे बसून चित्र दिसतं. हाइट म्हणजे चित्राची उंची, लिनिॲरिटी म्हणजे वर-खाली सारखा ताण, ही दोन्ही एकमेकांना ओढतात, एक फिरवलं की दुसरं बिघडतं, मोबाइलमधनं एखादं वर्तुळ लावता आलं तर ते गोल दिसेपर्यंत दोन्ही थोडंथोडं करत राहायचं. माणसांच्या चेहऱ्यावर सेट करू नका, बातम्या देणारी बाई लांबट आहे का तुमचा टीव्ही, हे कळत नाही.

एच-होल्ड सरकलं की चित्राच्या तिरप्या पट्ट्या होतात. आडव्या ओळी सेकंदाला १५,६२५ असतात, आणि दर पट्टीमागे वेग ५० ने चुकलाय असा हिशोब, चार पट्ट्या म्हणजे २०० ने. पट्ट्या कमी होतील त्या बाजूला फिरवायचं. या ओळींचीच ती बारीक शिट्टी असते, आपल्या वयात ऐकू येत नाही, नातवाला विचारा. त्याला शिट्टीही नाही आणि पडद्यावर उजेडही नाही, तर तो भागच बंद आहे, ते घरी करायचं काम नाही. पिक्चर ट्यूबवर १५ हजार व्होल्टच्या आसपास असतं आणि प्लग काढल्यावरही बराच वेळ टिकतं.

प्रश्न : सेटटॉप बॉक्सला पिवळी, लाल, पांढरी पिन आहे, टीव्हीला मागे नुसते दोन स्क्रू. जोडायचं कसं?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मधे आरएफ मॉड्युलेटर लागतो, तो बॉक्सचं चित्र आणि आवाज अँटेनासारख्या सिग्नलमध्ये बदलतो. घेताना दोन गोष्टी विचारा, व्हीएचएफवर चालतो का, कारण जुन्या सेटचा चॅनेल बऱ्याचदा १२ पर्यंतच असतो, आणि पाल बी सिस्टिमचा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा आहे का, अमेरिकन पद्धतीचा आणलात तर चित्र आलं तरी आवाज नुसता खरखरेल. केबल गोल आणि स्क्रू चपट्या वायरसाठी, म्हणून मधे एक छोटा बलून ट्रान्सफॉर्मर लावायचा, ७५ ओमचं ३०० ओम करणारा. चॅनेलच्या बटणाभोवतीची बाहेरची रिंग म्हणजे फाइन ट्यूनिंग, चित्र स्वच्छ करायला कॉन्ट्रास्ट पिळू नका, आधी ती फिरवा.

प्रश्न : सराफ बाजारातल्या घरात २०१६ च्या पुरात टीव्ही बुडाला होता, वाळवून ठेवलाय. लावून बघू?
— एक वाचक

उत्तर : गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा तुमचा टीव्हीही बुडाला. गाळ ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगपर्यंत जातो, वरून वाळलेला दिसतो आणि आत ओल धरून बसतो. लावू नका. शटरची लाकडी पेटी मात्र फेकू नका, सागवान असेल तर पॉलिश करून आमच्या शेजाऱ्यांनी त्यात देव्हारा केलाय, झकास दिसतो.