डोळ्याच्या कोपऱ्यातला गुलाबी गोळा

प्रश्न : माझं वय ५२, द्राक्षबाग आहे. दोन्ही डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी मांस दिसतं. भावकीतले एक जण म्हणतात, 'मांस वाढलंय, कापून टाक.' शिवाय डोळ्यात औषध घातलं की घसा कडू होतो. असं का?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : दादा, कापायचं नाव काढू नका. तो गोळा जन्मापासून तिथंच आहे, तुमच्या भावकीतल्या त्या सल्लागारांच्या डोळ्यातही आहे. त्यात तेलाच्या ग्रंथी असतात, बारीक लवसुद्धा असते. त्याला लागून चंद्रकोरीसारखी एक घडी दिसेल. कोंबडीच्या डोळ्यावरून आडवा पातळ पडदा सरकतो ना, त्याचाच माणसात उरलेला हा अवशेष.

'मांस वाढणं' म्हणतात ते वेगळं. त्यात पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे तिकोनी पापुद्रा सरकत येतो, बहुधा नाकाच्याच बाजूनं. ऊन, वारा, धूळ यांत राबणाऱ्यांना तो जास्त होतो, त्यामुळे बागेत टोपी आणि गॉगल हवाच. आमच्या मिरजेच्या ओपीडीत असे शेतकरी नेहमी येतात. पापुद्रा बुबुळावर चढलेला दिसला तर दाखवायला या, नाहीतर निवांत राहा.

आता कडू घशाचं. आरशासमोर खालची पापणी नाकाजवळ हलकेच बाहेर ओढा. काठावर एक उंचवटा आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. तसंच वरच्या पापणीलाही असतं. अश्रू तयार होतात कानाकडच्या बाजूला, वर हाडाच्या आडोशाला. पापणी मिटली की ते नाकाकडे ढकलले जातात. तिथून या छिद्रांतून बारीक नळ्यांत, मग पिशवीत, पुढं नाकात आणि घशात. औषधाचा थेंबही त्याच वाटेनं उतरतो. म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरा. औषध डोळ्यातच राहतं. काचबिंदूसाठी टिमोलॉल घेणाऱ्यांनी तर हे करावंच, कारण ते नाकातून रक्तात जातं. दमा असेल तर ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

कानाकडचा कोपरा मात्र साधा. दोन पापण्या मिळतात, संपलं.

पण नाकाकडच्या कोपऱ्याखाली लाल, दुखरी सूज आली किंवा तिथं दाबल्यावर डोळ्यात पू आला, तर ती अश्रुपिशवी पिकल्याची खूण. तेव्हा कडुनिंबाचा लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.